‘साहेबांना विचारून सांगतो’: कंपनीच्या वरिष्ठांकडून संकटाचा सराव कसा करून घ्यायचा

सकाळचे पावणेअकरा. पुण्याजवळच्या एका मसाला कंपनीची कॉन्फरन्स रूम. टेबलाभोवती मालक, त्यांचा मुलगा, प्रॉडक्शन, क्वालिटी, डिस्पॅच आणि अकाउंट्सचे प्रमुख. मी पहिलं पाकीट फोडून वाचलं: ‘सोलापूरच्या डीलरचा फोन. तुमच्या मिरची पावडरच्या पाकिटात काचेचा तुकडा निघाल्याचा व्हिडिओ त्याच्या भागात व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो विचारतोय, माल दुकानांतून काढू का?’ मग डिस्पॅचच्या प्रमुखांना विचारलं, काय सांगाल त्याला? ते क्षणभरही न थांबता म्हणाले, “साहेबांना विचारून सांगतो.”

साहेब तीन फुटांवर बसले होते. त्यांनी क्वालिटीच्या मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, बॅच नंबर मिळाल्याशिवाय काही बोलता येणार नाही. अकाउंट्सना काळजी पडली की माल परत घेतला तर क्रेडिट नोट कुठल्या खात्यात टाकायची. सतरा मिनिटं गेली, आणि सोलापूरचा डीलर, म्हणजे मीच, अजून फोन धरून होतो.

तुम्ही एचआरमध्ये, सेफ्टीत किंवा क्वालिटीत असाल आणि वरून निरोप आला असेल की ‘आपल्या मॅनेजमेंटसाठी ते क्रायसिसचं ट्रेनिंग लावा’, तर हा लेख तुमच्यासाठी. मी हे काम बरीच वर्षं करतोय. माझं मत सरळ आहे: आपल्याकडच्या मध्यम कंपन्यांत योजनेचा तुटवडा नसतो. ऑडिटसाठी केलेली, स्पायरल बाइंडिंगची फाइल कपाटात असतेच. एका ठिकाणी ती उघडली, तर आणीबाणीच्या यादीतलं पहिलं नाव दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या गृहस्थांचं होतं. अडतं ते पहिल्या तासात, अर्धवट माहितीवर, साहेब नसताना निर्णय कोणी घ्यायचा इथे. सराव त्याचाच करून घ्यायचा.

आधी गेटवर जा

ट्रेनिंगची तारीख ठरवण्याआधी दोन दिवस कंपनीत हिंडा. वरिष्ठांना शेवटी भेटा. सुरुवात गेटवरच्या सिक्युरिटीपासून करा: रात्री अकराला पोलिसांची गाडी आली तर कोणाला फोन लावता? रिसेप्शनला विचारा: पत्रकार आला तर कुठे बसवता? डिस्पॅचला विचारा: काल दुपारी निघालेला माल आत्ता कुठल्या गावात आहे, हे किती वेळात सांगाल? आणि शिफ्ट इन्चार्जला विचारा: या क्षणी आवारात नेमकी किती माणसं आहेत?

हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. कायम कामगारांची हजेरी पंचिंग मशीनवर असते. ठेकेदाराच्या माणसांची हजेरी त्याच्या सुपरवायझरच्या वहीत, आणि ती वही त्याच्या पिशवीत. आग लागल्यावर असेंब्ली पॉइंटला डोकी मोजाल, पण एकूण किती हवीत हे कोणाला माहीत आहे?

उत्तरं लिहून घ्या, नावं लिहू नका. पुढे पाकिटं तयार करताना हाच कच्चा माल लागतो. वरिष्ठांना ‘असं कुठे होतं का’ म्हणायची सोय राहत नाही, कारण ते त्यांच्याच गेटवरून आलेलं असतं.

संकटं तीनच निवडा

वरिष्ठांना यादी करायला सांगितली की ती पंचवीसवर जाते. भूकंप, महापूर, युद्ध, सगळं येतं. तीनच ठेवा. एक मालाचं किंवा अपघाताचं, एक माणसांचं (मालकाचं अचानक आजारपण, कामगाराचा मृत्यू, मोठ्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार) आणि एक कॉम्प्युटरमधून येणारं. तिन्ही तुमच्याच कंपनीत घडू शकतील अशी हवीत.

रसायनाचा कारखाना असेल तर वायुगळती पहिली, यात चर्चा नको. आणि त्या सरावात भिंतीपलीकडची वस्ती असलीच पाहिजे. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. वस्तीला ऐकू जाणारा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांना वायू कोणता, त्यावर उपचार काय, हे नीट कळलं नाही. तोंडावर ओलं फडकं धरा, एवढं वाक्यसुद्धा लोकांपर्यंत पोचलं नाही. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात सुधारणा झाली, आणि १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी मोठा साठा असलेल्या कारखान्यांना आवारातल्या आपत्कालीन आराखड्याची दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल बंधनकारक केली. तरी डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले तेव्हा कारखान्याबाहेरच्या घरादुकानांच्याही काचा फुटल्या.

ही सहामाही ड्रिल कशी होते हे तुम्हाला माहीत असेलच. भोंगा वाजतो, लोक रांगेने बाहेर येतात, मोजणी होते, डायरेक्टर साहेब फायर एक्स्टिंग्विशर हातात घेऊन फोटो काढतात, चहा होतो. कामगारांचा सराव झाला. साहेबांचा झाला का? त्यांना त्या पाऊण तासात एकही निर्णय घ्यावा लागलेला नसतो.

एक पान तयार करा

सरावाआधी एका पानावर चार रकाने आखा: निर्णय कोणता, कोण घेणार, तो नसेल तर कोण, आणि किती रुपयांपर्यंत. ओळी दहाच्या वर जाऊ देऊ नका. लाइन थांबवणं: शिफ्ट इन्चार्ज, कोणालाही न विचारता. गोदामातला माल रोखणं: क्वालिटी. बाजारातला माल परत घेणं: ठरलेल्या तिघांपैकी कोणीही दोघं. बाहेर बोलणं: एक माणूस आणि त्याला एक बदली. जखमी कामगाराच्या घरी कळवणं: फोनवर नाही, माणूस जाईल, आणि तो कोण हे आज ठरेल. घरच्यांना टीव्हीवरून कळलं तर ती गोष्ट गाव वीस वर्षं विसरत नाही.

घरच्या मालकीच्या कंपन्यांत ‘तो नसेल तर कोण’ या रकान्यात गंमत होते. वडिलांच्या बदली मुलगा, मुलाच्या बदली वडील. मग मी विचारतो, कुलदैवताला तुम्ही सगळे एकाच गाडीतून जाता ना? खोलीत शांतता पसरते. तिसरं नाव, घराबाहेरचं, तेव्हाच लिहून घ्या. उद्यावर गेलं की ते गेलंच.

पाकिटं लिहिणं

मी स्लाइड वापरत नाही. खरी पाकिटं वापरतो, वर वेळ लिहिलेली. दीड तासाला सहा पुरतात. प्रत्येकात तीन गोष्टी हव्यात: निरोप कोणाकडून आलाय, त्यात काय अपुरं किंवा चुकीचं आहे, आणि आत्ता उत्तर मागणारा एक प्रश्न. मसाला कंपनीचा क्रम असा होता.

१०:४५ — सोलापूरच्या डीलरचा फोन.

११:०० — बॅच नंबर मिळाला. त्या बॅचचा आपल्याकडचा राखीव नमुना तपासला, स्वच्छ आहे.

११:१५ — स्थानिक पत्रकार: ‘एका लहान मुलाला दवाखान्यात नेलंय म्हणे. खरं का?’ (ही अफवा आहे, पण खोलीत कोणालाही ते सांगायचं नाही.)

११:३० — अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी गेटवर. सिक्युरिटीने ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणून त्यांना बाहेर उभं केलंय.

११:४० — तुमचा सगळ्यात मोठा सुपरमार्केटवाला: ‘लेखी द्या, नाहीतर सगळा माल शेल्फवरून काढतो.’

१२:०० — दुसरी तक्रार, लातूरहून. बॅच वेगळी.

सगळ्यात मोठा सापळा ११ वाजताच्या पाकिटात आहे. नमुना स्वच्छ म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलतात. प्रॉडक्शनवाले म्हणतात, बघा, आमच्याकडून नाहीच, दुकानात कोणीतरी केलंय. आणि सव्वाअकराला ते पत्रकाराला तेच सांगून बसतात. मग बाराला लातूर.

इथे थांबून मी कॅडबरीची गोष्ट सांगतो. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने सुरुवातीला बोट दाखवलं ते दुकानांतल्या साठवणुकीकडे. महाराष्ट्राच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, प्रश्न होता वेष्टनाचा. दुकानातली हवा कशीही असो, चॉकलेटचं वेष्टन एवढं सैल का? हा वाद पेपरांतून रंगला आणि विक्री घसरली. पुढे कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ नावाने दुकानदारांपर्यंत जाऊन साठवणुकीवर काम केलं, जानेवारी २००४ मध्ये सीलबंद वेष्टन आणलं आणि जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. दुकानात साठवणूक वाईट असते हे खोटं नव्हतंच. पण ते पहिलं वाक्य म्हणून बोललं, की गिऱ्हाईकाला ऐकू येतं ते ‘आमचा काही संबंध नाही’.

मॅगीचं उदाहरणही याच पाकिटाशी जोडा. ५ जून २०१५ ला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने माल मागे घ्यायला लावला. कंपनीचं म्हणणं होतं, आमच्या तपासण्यांत माल सुरक्षित आहे. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्दही केला आणि नव्याने तपासणी करायला सांगितली. पण मॅगी दुकानात परत यायला नोव्हेंबर उजाडला, आणि तोवर हजारो टन माल नष्ट झाला होता. आपला रिपोर्ट स्वच्छ असणं कोर्टात लागतं. सोलापूरच्या दुकानदाराला मात्र आज दुपारी काय करायचं, तेवढंच हवं असतं.

साहेबांचा फोन

विसाव्या मिनिटाला मालकांना खोलीबाहेर काढा. ‘साहेब दिल्लीच्या विमानात आहेत, दोन तास फोन लागणार नाही.’ त्यांना शेजारच्या केबिनमध्ये बसवा आणि फोन सायलेंट करून तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

हे आदल्या दिवशी त्यांना एकट्याला भेटून सांगायचं, त्यांचा होकार घेऊनच. एकदा मी आगाऊ न सांगता केलं होतं. मालकांना तो अपमान वाटला, आणि उरलेला तासभर सगळे माझ्याकडे पाहुण्याच्या ताटात मीठ विसरलं असावं तसे बघत होते.

मसाला कंपनीत साहेब पंचावन्न मिनिटं बाहेर होते. परत आल्यावर मी फोन त्यांच्या हातात दिला. १९ मिस्ड कॉल. त्यातले १३ त्याच कॉन्फरन्स रूममधून, सरावात बसलेल्या त्यांच्याच माणसांनी केलेले. साहेब विमानात आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, तरीही. मी काहीच बोललो नाही. त्यांनी यादी दोनदा वरखाली केली आणि मुलाकडे बघितलं. मुलाचे पाच होते.

खोलीतले नियम थोडेच ठेवा. ‘असं होणारच नाही’ म्हणणाऱ्याला एकच उत्तर: झालंय, पुढे बोला. बरोबर उत्तर तुमच्याकडेही नाही हे आधीच सांगून टाका. आणि एक माणूस फक्त वही लिहायला बसवा, तो चर्चेत भाग घेणार नाही. वेळ, काय कळलं, कोणाकडून, काय ठरलं, कोणी ठरवलं. ‘पाहिलेलं’ आणि ‘ऐकलेलं’ यांचे रकाने वेगळे. अकाउंट्समधली एखादी नेटकी मुलगी किंवा मुलगा या कामाला उत्तम. खऱ्या संकटात विमा, वकील आणि सरकारी चौकशी तिघंही पहिल्यांदा हीच वही मागतात.

कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं

जेवणानंतर बोलण्याचा सराव घ्या. स्टुडिओ लागत नाही. गेटबाहेर उन्हात उभं करा, मोबाइल तोंडासमोर धरा, आणि तीन वाईट प्रश्न विचारा. मग ते तिथल्या तिथे दाखवा. बहुतेकांना स्वतःचा आवाज ऐकूनच निम्मं कळतं.

क्रम शिकवा: माणसांना काय झालं ते आधी, मग नक्की काय माहीत आहे, मग आत्ता काय करतोय, मग पुढची माहिती किती वाजता देणार. स्वतःच्या त्रासाला त्यात जागा नाही. मेक्सिकोच्या आखातात एप्रिल २०१० मध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या विहिरीवरच्या स्फोटात ११ माणसं गेली. महिन्याभराने कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर बोलून गेले की त्यांनाही त्यांचं आयुष्य परत हवंय. त्याआधीची त्यांची सगळी वाक्यं लोक विसरले. ऑक्टोबरपासून त्या खुर्चीत दुसरा माणूस होता.

उलट टोक म्हणून जॉन्सन अँड जॉन्सनचं टायलेनॉल हे वेदनाशामक औषध. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, सात जण दगावले. कारखान्यात दोष नव्हता. तरी कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या मागे घेतल्या. हे सांगितलं की कोणीतरी म्हणतंच, “ती मोठी कंपनी, त्यांना परवडतं.” बरोबर आहे. म्हणून तर आपल्याला किती परवडतं तो आकडा त्या एका पानावर आधी लिहायचा.

लेखी निवेदनाचा मसुदाही तिथेच करून घ्या. पहिल्या फेरीत हमखास हे येतं: ‘आमची कंपनी गेली ३५ वर्षं सर्वोच्च गुणवत्तेसाठी कटिबद्ध असून…’ कागद फाडा आणि परत लिहायला लावा. चौथ्या फेरीला मसाला कंपनीकडून हे आलं:

‘सोलापूर भागात आमच्या मिरची पावडरच्या एका पाकिटात काच सापडल्याची तक्रार आज सकाळी आली आहे. कोणाला इजा झाली आहे का, ते आम्ही तपासतो आहोत. तोपर्यंत या बॅचचं पाकीट वापरू नका, दुकानदाराकडे परत द्या, पैसे लगेच मिळतील. पुढची माहिती आज दुपारी ४ वाजता देऊ.’

हे मराठीत लिहायचं, आधी मराठीत. एजन्सीने पाठवलेला इंग्रजी मसुदा तसाच भाषांतर करून गावातल्या पेपरला दिला की तो सरकारी परिपत्रकासारखा वाचला जातो. ठेकेदाराकडचे कामगार बिहार-ओडिशाचे असतील तर त्यांच्यासाठी हिंदी प्रतही करा.

कायद्याची घड्याळं

कलमांवर व्याख्यान देऊ नका, लोक झोपतात. त्याचंही पाकीट करा. ‘शुक्रवार, रात्री ९. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरवर फाइली उघडत नाहीत, पडद्यावर पैशांची मागणी दिसतेय.’ सर्ट-इनच्या (सायबर हल्ल्यांचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. म्हणजे पहाटे ३ पर्यंत. आयटीचं काम बघणारा बाहेरचा माणूस रात्री ११ वाजता फोन उचलतो का, हे तेव्हा सगळ्यांना कळतं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर सेबीचं घड्याळ वेगळं: महत्त्वाची घटना कंपनीच्या आतून उद्भवलेली असेल तर १२ तास, बाहेरची असेल तर २४. खाद्यपदार्थांच्या उत्पादकांना रिकॉलची, म्हणजे बाजारातला माल परत घेण्याची, योजना लेखी ठेवणं २०१७ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ती आहे का हे नुसतं विचारू नका, आणून टेबलावर ठेवायला सांगा. कारखान्यातल्या अपघाताची सूचना कोणाला, किती वेळात, कुठल्या फॉर्मवर, हे तुमच्या सेफ्टी ऑफिसरकडून लिहून घ्या आणि त्या एका पानामागे चिकटवा.

त्याच संध्याकाळी

आढावा दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, रात्रीतून सगळे शहाणे होतात. बोलायची सुरुवात सगळ्यात ज्युनियर माणसापासून, साहेब शेवटी. हा क्रम मोडला की बैठक संपली असं समजा, कारण साहेबांच्या नंतर कोणी वेगळं बोलत नाही. वही मोठ्याने वाचा. मग कामं ठरवा, तीनच, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख. अठरा कामांची यादी बघायला छान दिसते, होत काहीच नाही.

मसाला कंपनीची तीन कामं अशी ठरली: डिस्पॅचला दुकानातला माल बाजूला ठेवायला सांगण्याचा लेखी अधिकार, ठेकेदाराची हजेरी वही गेटवर, आणि सरकारी अधिकारी आले तर त्यांना लगेच आत बसवून क्वालिटीच्या मॅडमना बोलावणं.

दोन-तीन महिन्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला यादीतल्या सगळ्यांना फोन लावून बघा. पंधरा मिनिटांत किती जण उचलतात, मोजा. खर्च शून्य. तिथे पहिल्यांदा दहापैकी चार जणांनी उचलला, आणि एक नंबर बंदच होता.

सहा महिन्यांनी पूर्ण सराव परत घेतला, तोच डीलर, मुद्दाम. डिस्पॅचच्या प्रमुखांनी चौथ्या मिनिटाला सांगितलं, “काढून बाजूला ठेवा, विकू नका. पाकिटाचा फोटो टाका. बारा वाजता मी तुम्हाला फोन करतो.” साहेबांच्या फोनवर त्या दिवशी तीनच मिस्ड कॉल होते. बारा वाजता डीलरला फोन करायचा मात्र डिस्पॅचचे प्रमुख विसरले. नव्या यादीतलं पहिलं काम तेच आहे.